शंभर शब्द आणि एक परार्ध

खान्देशातल्या धरणगावच्या बाजारपेठेत जवळजवळ प्रत्येक गल्ल्याशेजारी आता एक बोलकी पेटी असते. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, पैसे जातात आणि पेटी मोठ्यानं सांगते, ‘बासष्ट रुपये प्राप्त झाले.’ दुकानदार वजनकाट्यावरची नजर न काढता पुढच्या माणसाकडे वळतो. त्या आवाजावर त्याचा इतका विश्वास बसलेला असतो, की मोबाइल उघडून बघायची त्याला गरज वाटत नाही.

या व्यवहारांचा पसारा आधी समजून घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरातल्या यूपीआय व्यवहारांनी एका महिन्यात पहिल्यांदा एक हजार कोटींचा टप्पा ओलांडला. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, तो आकडा दोन हजार कोटींच्या पुढे गेला. दोन हजार कोटींना महिन्यातल्या सेकंदांनी भागलं, तर दर सेकंदाला साडेसात हजारांच्या जवळपास व्यवहार येतात. ‘बासष्ट रुपये प्राप्त झाले’ म्हणायला पेटीला अडीच-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात देशात वीस हजार व्यवहार होऊन गेलेले असतात. ते सगळेच काही मोठ्यानं बोलले जात नाहीत, पण जे बोलले जातात त्यांतला प्रत्येक आकडा बरोबर उच्चारला गेला पाहिजे. एक जरी चुकला तरी कुणाच्या तरी गल्ल्यात खोट येते.

मग यंत्राला आकडे बोलायला शिकवायचं कसं? सगळ्यात भाबडा मार्ग म्हणजे प्रत्येक रक्कम कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि साठवून ठेवायची. बहुतेक यूपीआय व्यवहारांची मर्यादा एक लाख रुपये असते. रुपये आणि पैसे मिळून लाखापर्यंत वेगवेगळ्या रकमा होतात एक कोटी. प्रत्येकीला तीन सेकंद धरले, तर वाचणाऱ्यानं जेवण-झोप सोडून ३४७ दिवस बोलत राहायचं. रोज आठ तासच वाचलं, तर जवळपास तीन वर्षं. टेलिफोनच्या साध्या दर्जाचा आवाज सेकंदाला ८,००० बाइट जागा घेतो. त्या हिशेबानं या एक कोटी वाक्यांना २४० गिगाबाइट लागतील, आणि एवढं करून एक लाख एक रुपया म्हणायची वेळ आली की पेटी गप्प!

म्हणून कुणीच असं करत नाही. आकडा तोडायचा, तुकड्यांचे आवाज साठवायचे आणि नियमानं जोडायचे. इथून पुढे मात्र प्रत्येक भाषेची वाट वेगळी होते.

जर्मन घ्या. शून्यापासून थेट ९,९९,९९९ पर्यंतचे सगळे दहा लाख आकडे बोलायला जर्मनला किती तुकडे पुरतात? फक्त ३२. शून्य ते बारा हे तेरा स्वतंत्र शब्द. तेरा ते एकोणीस हे सात, कारण त्यांतले सोळा आणि सतरा आपली शेपूट तोडून जोडले जातात. सहाचा ‘झेक्स’ सोळामध्ये नुसता ‘झेश’ उरतो. मग वीस, तीस ते नव्वद हे आठ. ‘आणि’साठी ‘उंट’, शंभरासाठी ‘हुंडर्ट’, हजारासाठी ‘टाउझेंट’. आणि एकाचं आणखी एक रूप, कारण एक जेव्हा शेवटी येतो तेव्हा ‘आइन्स’ आणि मध्ये येतो तेव्हा ‘आइन’. संपला संच.

यातला अवघड भाग क्रमाचा आहे. जर्मन माणूस २१ ला ‘आइनउंटत्स्वान्त्सिश’ म्हणतो, म्हणजे एक-आणि-वीस. एकक आधी, दशक नंतर. पण शतक त्याहूनही आधी. त्यामुळे ३२१ उच्चारताना तोंड तीनवरून एकावर उडी मारतं आणि मग मागे येऊन वीस म्हणतं. ९८७,६५४,३२१ हा आकडा कागदावर सरळ नवापासून एकापर्यंत उतरत जातो. जर्मनमध्ये तो बोलला जातो तेव्हा अंकांचा क्रम होतो ९-७-८, ६-४-५, ३-१-२. शिवाय दहा लाखांखालचा प्रत्येक आकडा अक्षरात लिहिताना एकच सलग शब्द करायचा. ७,७७,७७७ चा जर्मन शब्द रोमन लिपीत मोजला तर ६५ अक्षरांचा भरतो आणि त्यात कुठे श्वास घ्यायलाही मोकळी जागा नसते.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. एकवीस म्हणजे तरी काय? एक आधी, वीस नंतर. मराठीही एककापासूनच सुरुवात करते. फरक पुढे आहे. जर्मन जिथे दोन शब्दांमध्ये ‘आणि’चा खिळा ठोकून थांबते, तिथे मराठी दोन्ही शब्द वितळवून एकजीव करते. मग त्यांतला मूळ शब्द ओळखूही येत नाही. दोन बघा. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. सहा बघा. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. पन्नाशीत तर एकाच दशकाला दोन शेपट्या आहेत. एक्कावन्न, बावन्न, पंचावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न यांत ‘वन्न’, आणि त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न यांत ‘पन्न’. साठाचं ‘सष्ट’ होतं, सत्तरचं ‘हत्तर’. नवाची गोष्ट आणखी निराळी. २९ मध्ये दोन दिसतो आणि नऊ दिसतो, पण आपण म्हणतो एकोणतीस, म्हणजे एक-उणे-तीस. आकड्यात कुठेही नसलेला तीन उच्चारात येतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा हा नियम इमानानं पाळला जातो, आणि नव्व्याण्णवला येऊन मोडतो.

संगणकासाठी नियम लिहायला बसणाऱ्याला लवकरच कळतं, की इथे नियम शोधण्यात अर्थ नाही. शून्य ते नव्व्याण्णव हे शंभर शब्द जसेच्या तसे घ्यायचे. त्यांत शंभर, मग एकशे ते नऊशे हे नऊ, आणि हजार, लाख, कोटी हे तीन मिळवायचे. एकूण ११३.

जर्मनचे ३२, मराठीचे ११३. एवढ्यावरून मराठी महाग ठरवायची घाई होते. पण हे शंभर शब्द पाठ झाले की पुढचं मराठीचं गणित इतकं सोपं आहे, की मला त्याचं दर वेळी कौतुक वाटतं. आपण हजाराच्या पुढे आकडे दोन-दोनच्या गटांत पाडतो. ९८,७६,५४,३२१. अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. प्रत्येक गटात जास्तीत जास्त नव्व्याण्णव मावतात आणि आपला तक्ता नेमका तेवढाच आहे! तोच तक्ता कोटीसाठी, तोच लाखासाठी, तोच हजारासाठी, तोच शेवटच्या दोन अंकांसाठी. जर्मनचे गट तीन-तीनचे असल्यामुळे तिथे प्रत्येक गटात ती शतक-एकक-दशकाची नागमोडी चाल पुन्हा करावी लागते. आपल्या ११३ तुकड्यांत शून्यापासून ९९,९९,९९,९९९ पर्यंतचे, म्हणजे पूर्ण एक अब्ज आकडे बोलता येतात.

प्रत्यक्ष एक आकडा चालवून बघू. धरणगाव हे कापसाचं आणि जिनिंगचं गाव, त्यामुळे कापसाचाच भाव घेतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि मध्यम धाग्याचा ७,१२१. यंत्र ७,५२१ ला आधी एक कोटीनं भागतं. भागाकार शून्य, म्हणून गप्प राहतं. लाखानं भागतं, पुन्हा शून्य. हजारानं भागलं की सात येतात आणि ५२१ बाकी उरते. तक्त्यातला ‘सात’ वाजतो, मागून ‘हजार’. ५२१ ला शंभरानं भागलं की पाच, म्हणून ‘पाचशे’. बाकी २१, म्हणून तक्त्यातला ‘एकवीस’. सात हजार पाचशे एकवीस. चार तुकडे आणि चार भागाकार. रोमन लिपीत हाच आकडा जर्मन माणूस ३७ अक्षरांच्या एका शब्दात लिहितो.

खान्देशात बसून मोठ्या आकड्यांबद्दल लिहायचं आणि भास्कराचार्यांपर्यंत जायचं नाही, हे होणे नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ साली तिथे मठ स्थापन केला, असं तो लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. मठात जे शिकवायचं त्यात भास्कराचार्यांची ‘लीलावती’ येतेच, आणि ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच संख्यास्थानांची अठरा नावं आहेत. प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. एककापासून कोटीपर्यंत चढत गेल्यावर पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं.

या यादीकडे आकडे बोलणारं यंत्र बनवणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं, की थक्क व्हायला होतं. प्रत्येक दहापटीला स्वतंत्र नाव असल्यामुळे बावीस, सदुसष्ट, त्र्याण्णव यांची गरजच राहत नाही. एक ते नऊ हे नऊ शब्द आणि दश ते परार्ध ही सतरा नावं. २६ आवाज, शून्य धरून २७. जर्मनच्या ३२ पेक्षाही कमी! आणि त्या २७ मध्ये परार्धाच्या दहापटीपर्यंतचा कुठलाही आकडा बोलता येतो. कापसाचा भाव तेव्हा ‘सात सहस्र पाच शत दोन दश एक’ असा होईल. बाजारात असं कुणी बोलत नव्हतं. पण बोलायचं ठरवलं असतं, तर आठशे वर्षांपूर्वी त्याची पूर्ण तयारी पाटणच्या मठात होती.

हे परार्ध किती मोठं? एकापासून सुरुवात करून दर सेकंदाला एक आकडा म्हटला, तर परार्धापर्यंत पोहोचायला ३१७ कोटी वर्षं लागतील. पृथ्वीचं वय आहे ४५४ कोटी वर्षं. पण एका सेकंदात एक आकडा हे सुरुवातीलाच जमेल. वाटेतले बहुतेक सगळे आकडे सतरा अंकी आहेत आणि तसा एक आकडा पूर्ण म्हणायला दहा सेकंद तरी हवेत. मग हिशेब जातो ३,१७० कोटी वर्षांवर, आणि विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे. म्हणजे महास्फोटाच्या क्षणी मोजायला बसलेलं यंत्र आज निम्म्यावरही पोहोचलं नसतं. २७ आवाज वाचून घ्यायला मात्र अर्धं मिनिट पुरतं.

आता त्या एकक-दशकाच्या उलट्या क्रमाकडे परत येतो, कारण त्यावर देशोदेशी खरोखरच भांडणं झाली आहेत. नॉर्वेत पूर्वी जर्मनसारखंच एक-आणि-वीस म्हणत. टेलिफोनचे नंबर लांबत गेले, तोंडी सांगितलेले नंबर उलटे लिहिले जाऊ लागले, आणि टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून तिथल्या संसदेनं आकडे म्हणण्याची पद्धतच बदलली. १ जुलै १९५१ पासून शाळा आणि सरकारी कामकाजात वीस-एक असं म्हणणं सुरू झालं. जुनी पद्धत तरीही घराघरांत टिकली आणि आजही ऐकू येते. जर्मनीत बोखुमचे गणिती लोथार गेरित्सेन यांनी २००४ मध्ये अशीच मोहीम उभी केली. त्यांच्या संस्थेचं नावच ‘त्स्वान्त्सिशआइन्स’, म्हणजे वीस-एक. आणि २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं, त्यात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ छापलेलं होतं. महाराष्ट्रभर गदारोळ उठला. विधानसभेतही विषय गाजला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की त्र्याण्णव, अठ्ठ्याण्णव अशा जोडाक्षरांनी मुलं अडखळतात आणि आकड्याचा अर्थ त्यांच्यापासून दूर राहतो.

मला त्यांचं म्हणणं मुलांपुरतं पटतं. सहा-सात वर्षांच्या पोराला सदुसष्ट म्हणजे साठ आणि सात हे आधी कळलं पाहिजे, आणि त्यासाठी साठ-सात म्हणायला काहीच हरकत नाही. पुस्तकानं जुने शब्द काढूनही टाकलेले नव्हते. पण यंत्राला ही सवलत देऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. एके काळी यंत्राची अडचण खरी होती. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची एकूण स्मृती होती ६५,५३६ बाइट. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज त्यात आठ सेकंद मावला असता. जर्मनचे ३२ तुकडेही त्यात बसत नाहीत, मराठीच्या ११३ ची बातच सोडा. अशाच अडचणीमुळे तर त्याआधी, १९७८ मध्ये, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनं मुलांसाठी बोलकं खेळणं काढलं, तेव्हा आवाजाची लाट साठवण्याऐवजी गळ्याचं आणि तोंडाचं गणिती प्रतिरूप चिपमध्ये घातलं आणि सेकंदाचा आवाज ६४ हजार बिटांऐवजी हजारभर बिटांच्या आसपास आणून बसवला. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला जेवढी जागा लागते, त्याहून कमी जागेत मराठीचे ११३ शब्द मावतात. नऊ लाख बाइट फक्त. काटकसरीचं कारण आता उरलेलं नाही.

खरी मेहनत दुसरीकडे आहे. बासष्ट आणि पासष्ट यांत फरक किती? पहिल्या अक्षरात ब आहे की प, एवढाच. साध्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो, आणि ‘ब’मधली जी खोल घुमारी त्याला ‘प’पासून वेगळं करते, तिचा मोठा भाग ३०० च्या खालीच राहतो. पेटीचा बारका स्पीकरही तो खालचा भाग खातो. वर रस्त्यावर रिक्षा, ट्रॅक्टर, लग्नाची वरात. तीन रुपयांचा फरक त्या एका ओठमिटीत अडकलेला असतो. सदुसष्ट-अडुसष्ट, ब्याऐंशी-त्र्याऐंशी याही अशाच घसरड्या जोड्या. जर्मनांनाही हे चुकलेलं नाही. ‘त्स्वाय’ म्हणजे दोन आणि ‘द्राय’ म्हणजे तीन फोनवर सारखे वाटतात, म्हणून ते दोनाला मुद्दाम ‘त्स्वो’ म्हणतात. मराठीत असा पर्यायी शब्द नाही. मग वाचणाऱ्यानंच ‘बा’ किंचित लांबवून, ओठ नीट मिटून म्हणायला हवा, आणि ते रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या महागड्या स्पीकरवर न तपासता भर बाजारात, त्याच पेटीतून वाजवून तपासायला हवं.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. ‘एक रुपया प्राप्त झाला’, पण ‘दोन रुपये प्राप्त झाले’. शंभराला ‘शंभर’, पण त्यावर एक चढला की ‘एकशे एक’. १९९८ हे साल असेल तर ‘एकोणीसशे अठ्ठ्याण्णव’, रक्कम असेल तर ‘एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव’. आणि रेल्वेगाडीचा नंबर तर मुळीच आकडा म्हणून वाचायचा नाही. धरणगाव सुरत-भुसावळ मार्गावर आहे. या मार्गानं जाणाऱ्या खान्देश एक्सप्रेसचा नंबर १९००३, तो ‘एक नऊ शून्य शून्य तीन’ असाच सांगायचा, कारण तिथे मोजायचं काही नसतं, ओळखायचं असतं. पाच अंकी एक लाख नंबरांना त्यामुळे दहाच आवाज पुरतात.

तिसरी गोष्ट सुराची. ‘सात हजार’ म्हणून थांबायचं असेल तर आवाज खाली येतो. पुढे ‘पाचशे एकवीस’ यायचं असेल तर तो वर तरंगत ठेवावा लागतो. एकच रेकॉर्डिंग दोन्हीकडे वापरलं की घोषणा तुटक होते आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्दावर वाटतं, आकडा संपला. यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक शब्द दोन सुरांत घ्यायचा. ११३ चे २२६ होतात आणि काम एका दुपारचंच राहतं.

या सगळ्यापलीकडे बाजाराची स्वतःची भाषा आहे. खेडा खरेदीला आलेला व्यापारी २५० ला ‘अडीचशे’ म्हणतो, १२५ ला ‘सव्वाशे’, १७५ ला ‘पावणेदोनशे’, १,२५० ला ‘साडेबाराशे’. साडेतीन, साडेचार चालतात, पण साडेएक आणि साडेदोन कुणी म्हणत नाही. तिथे दीड आणि अडीचच लागतात. जर्मनमध्येही दीडसाठी असा स्वतंत्र शब्द आहे, ‘आंडर्टहाल्प’. सव्वा, दीड, पावणे, अडीच, साडे, पाऊण हे सहा शब्द आणि दहा-बारा ओळींचे नियम एवढ्यात हेही यंत्राला शिकवता येतं. शिकवायलाच हवं, असं माझं मत आहे. निदान ज्याला हवं त्याला पेटीवर तो पर्याय मिळावा.

बालकवींच्या या गावात, आणि आजूबाजूच्या खेड्यांत तर जास्तच, घरातली बोली अहिराणी आहे. तिचेही ११३ शब्द असेच, दोन सुरांत, वाचून घेता येतील. भागाकार तेच, तक्ता तेवढाच. प्रत्येक शब्दाला सेकंद आणि मध्ये श्वास घ्यायला तीन-चार सेकंद धरले, तर २२६ शब्दांचं वाचन वीस मिनिटांत संपतं. त्यासाठी शाळेची एखादी बंद खोली, पंखा थांबवलेला, आणि शेतमालाचे भाव रोज तोंडी सांगणारी एखादी आजी पुरे.